करकपातीचा भार कोण उचलतो?

१. प्रश्न

अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन बातम्या शेजारी शेजारी छापून येतात. एक, कंपन्यांना किंवा मोठ्या उत्पन्नाच्या लोकांना करात सूट मिळाल्याची. दुसरी, सरकारची तूट किती कोटींवर गेली याची. दोन्ही वाचून सामान्य माणूस विचारतो: तिजोरीत पैसा नाही म्हणता, मग ज्यांच्याकडे भरपूर आहे त्यांचाच कर कमी का करता? त्यावर ठरलेले उत्तर मिळते. वरच्यांचा कर कमी केला की ते कारखाने काढतात, रोजगार वाढतो आणि शेवटी सरकारलाही जास्तच कर मिळतो. हे उत्तर पूर्ण खोटे नाही. पण ते कोणत्या परिस्थितीत खरे ठरते आणि ठरले नाही तर फरक कोणाच्या खिशातून भरला जातो, हे तपासावे लागते.

हा तपास मुंबईतून करण्यापेक्षा धाराशिवमधून केलेला बरा. २०१८ साली नीती आयोगाने देशातले मागे राहिलेले जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव. आठ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांहून थोडी अधिक लोकसंख्या, बहुतांश कोरडवाहू शेती, सोयाबीनवर टेकलेले अर्थकारण. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने आणि मोठ्या कंपन्या फारशा नसल्याने आयकरातील कपातीचा थेट लाभ घेणारे इथे मोजकेच आहेत. उलट जिल्ह्याच्या आशा ज्या कामांवर आहेत ती सगळी सरकारी पैशातून व्हायची आहेत: कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी आणणारी कृष्णा-मराठवाडा योजना, केंद्र आणि राज्याने निम्मा निम्मा खर्च उचलायचा ठरलेला सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्ग, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिजोरी भरलेली आहे की रिकामी, याचा परिणाम अशा जिल्ह्यात आधी जाणवतो.

२. तूट म्हणजे नेमके काय?

गावच्या जत्रेचा हिशेब घेऊ. खर्च एक लाख रुपये. घरोघरच्या वर्गणीतून तेवढे जमतात. त्यात सगळ्यात मोठ्या बागायतदाराचे २५ हजार. एका वर्षी पंच ठरवतात की त्याने १५ हजारच द्यावेत. दहा हजार कमी पडले. आता पंचांपुढे तीनच वाटा उरतात. बाकीच्यांची वर्गणी वाढवायची, पाण्याचे टँकर आणि कुस्त्यांची बक्षिसे कमी करायची, किंवा उसने घ्यायचे. उसने द्यायला शिल्लक कोणाकडे असते? बहुधा त्याच बागायतदाराकडे. म्हणजे जे दहा हजार तो पूर्वी वर्गणी म्हणून देत होता, तेच आता कर्ज म्हणून देतो, आणि पुढच्या वर्षी सगळ्या गावाच्या वर्गणीतून त्याला ते व्याजासह परत मिळतात.

सरकारचे मूळ गणित हेच, फक्त नावे वेगळी. वर्षभरातला एकूण खर्च आणि कर्ज सोडून आलेली एकूण जमा यांतील फरकाला राजकोषीय तूट म्हणतात. सोप्या भाषेत, त्या वर्षी सरकारला नव्याने काढावे लागणारे कर्ज. त्यातला जो भाग पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने अशा चालू खर्चामुळे निर्माण होतो, ती महसुली तूट. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी रुपये आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी रुपये धरला होता. फरक ४५,८९१ कोटींचा, ती महसुली तूट. राजकोषीय तूट मात्र १,३६,२३५ कोटींची. मधले सुमारे ९० हजार कोटी मुख्यतः रस्ते, धरणे, इमारती यांच्यासाठी घ्यायच्या कर्जाचे.

तूट मुळात वाईट असे समजण्याचे कारण नाही. कर्ज काढून कालवा बांधला, त्या पाण्यावर तीस वर्षे पीक निघाले, तर ते कर्ज शहाणपणाचे. दुष्काळात किंवा महासाथीत सरकारने हात आखडता घेतला तर लोक मरतात. तेव्हा तूट वाढवणे हे कर्तव्यच असते. प्रश्न येतो तो कशासाठी उसने घेतले याचा. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी रुपये होता आणि त्यातले १२.७६ लाख कोटी नुसत्या व्याजाचे, म्हणजे दर शंभर रुपयांतले पंचवीस. हे व्याज सरकारी रोखे घेणाऱ्या बँका, आयुर्विमा महामंडळ, भविष्यनिर्वाह निधी यांच्याकडे जाते. त्यांत सामान्यांच्या ठेवीही आहेत हे खरे, पण ज्याची बचत मोठी त्याचा व्याजातला वाटाही मोठा. जत्रेचा बागायतदार असा राष्ट्रीय हिशेबातही सापडतो.

३. पणजीतली घोषणा

करकपातीचे अलीकडचे सगळ्यात मोठे उदाहरण २० सप्टेंबर २०१९ चे. वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीसाठी अर्थमंत्री निर्मला सीतारामन गोव्यात होत्या. बैठकीआधी पणजीतच त्यांनी जाहीर केले की चालू कंपन्यांचा आयकराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्के होईल आणि नव्याने सुरू होणाऱ्या उत्पादक कंपन्यांचा १५ टक्के. वर्षाला १.४५ लाख कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, असा अंदाज सरकारनेच दिला. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक त्या दिवशी १,९०० अंकांहून अधिक उसळला.

अधिभार आणि उपकर धरून हिशेब असा पडतो. शंभर कोटी नफा कमावणारी मोठी कंपनी पूर्वी सुमारे ३४ कोटी ९४ लाख रुपये कर देत होती. आता २५ कोटी १७ लाख. वाचले ९ कोटी ७७ लाख. मात्र एक अट होती: कमी दर हवा तर आधीच्या बहुतेक खास वजावटी सोडून द्याव्या लागतील. ही अट चांगलीच होती. वजावटींच्या जंगलात हुशार सल्लागार ठेवणाऱ्या कंपन्या फार कमी कर भरून सुटत, ते त्यामुळे थोडे आटोक्यात आले. तेव्हा ‘आठ टक्के सरसकट माफ’ असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

पण ही सवलत कोणाला मिळाली हे बारकाईने पाहा. ४०० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना २५ टक्क्यांचा दर आधीच लागू झाला होता. मोठा फरक पडला तो त्यांच्याहून मोठ्यांना. आणि तालुक्याच्या ठिकाणच्या डाळमिल, जिनिंग, आडत यांपैकी जी भागीदारी संस्था म्हणून चालतात, त्यांचा दर ३० टक्क्यांवरच राहिला. भागीदारांच्या पगाराची वजावट मिळते हे धरूनही विसंगती उरतेच: देशव्यापी कंपनीच्या नफ्यावरचा मूळ दर बावीस, धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबच्या बाजारपेठेतल्या भागीदारीचा तीस. रोजगार वाढवणे हाच हेतू होता, तर माणसे कामावर ठेवणाऱ्या छोट्या उद्योगांपासून सुरुवात व्हायला हवी होती.

व्यक्तींच्या बाबतीतही वाट अशीच वर गेली आहे. मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर लागणारे संपदा शुल्क १९८५ मध्ये गेले, संपत्तीकर २०१५ मध्ये रद्द झाला. २०२३ मध्ये नव्या करप्रणालीत पाच कोटींहून अधिक उत्पन्नावरचा अधिभार ३७ वरून २५ टक्क्यांवर आणला गेला आणि कराचा सर्वोच्च दर ४२.७४ टक्क्यांवरून ३९ वर उतरला. पगारातून किंवा धंद्यातून वर्षाला दहा कोटी मिळवणाऱ्याचे त्यात सुमारे ३७ लाख रुपये वाचतात.

४. दर कमी केला की वसुली वाढते?

वाढू शकते. भारताच्या इतिहासातच त्याचा पुरावा आहे. १९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. वरच्या प्रत्येक शंभर रुपयांतले सव्वादोन रुपयेच हातात राहणार असतील, तर माणूस उत्पन्न दाखवणार नाही, रोखीत फिरवील. तो दर खाली आणणे अटळ होते. १९९७ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी सर्वोच्च दर ४० वरून ३० टक्के केला, तोही समंजस निर्णय होता; पुढच्या काळात कर भरणारे वाढले आणि वसुलीही वाढली. तेव्हा दरकपातीच्या बाजूने बोलणारे हवेत बोलत नाहीत. त्यांची चूक वेगळी आहे: ९७ वरून खाली येताना जे घडले, तेच ३० वरून २२ वर येतानाही घडेल असे ते धरून चालतात.

छोटे गणित करू. नफा शंभर रुपये आणि दर ३० टक्के असेल तर कर तीस रुपये. दर २२ टक्के झाल्यावर तेच तीस रुपये मिळायला नफा सुमारे १३६ रुपये व्हावा लागतो. आणि ही वाढ करकपातीमुळेच झालेली हवी. देशाची अर्थव्यवस्था एरवीही वाढत होती, महागाई एरवीही होती, त्यांच्यामुळे फुगलेला नफा कपातीच्या खात्यावर मांडता येत नाही. एका करसवलतीने एकूण नफ्यात छत्तीस टक्क्यांची जादा भर पडावी, ही अपेक्षा फार मोठी आहे.

आता प्रत्यक्ष आकडे. कंपन्यांकडून २०१८-१९ मध्ये ६.६३ लाख कोटी रुपये कर मिळाला, २०१९-२० मध्ये ५.५७ लाख कोटी, २०२०-२१ मध्ये ४.५७ लाख कोटींच्या आसपास. केंद्राची राजकोषीय तूट २०१९-२० साठी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३.३ टक्के ठरवली होती, झाली ४.६ टक्के. या घसरणीत आर्थिक मंदीचा आणि नंतर कोविडचा मोठा हात होता, सगळा दोष कपातीवर टाकणे अन्यायाचे होईल. म्हणून कपातीचा वेगळा काढलेला हिशेबच पाहावा. पुण्याचे खासदार गिरीश बापट अध्यक्ष असलेल्या लोकसभेच्या अंदाज समितीने २०२२ मध्ये नोंदवले की पहिल्या दोन वर्षांत या सवलतीमुळे सुमारे १.८४ लाख कोटी रुपयांचा महसूल गेला.

‘पण नंतर वसुली सावरली ना?’ हा पुढचा आक्षेप. सावरली. २०२३-२४ मध्ये कंपनी कर ९.११ लाख कोटींवर पोचला. मात्र त्या काळात देशाचे उत्पन्नही वाढले होते. उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले तर २०१८-१९ मध्ये हा कर साडेतीन टक्के होता, २०२३-२४ मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास. आणि हे कोणत्या वर्षी? सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीनुसार मोठ्या कंपन्यांच्या नफ्याचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण ज्या वर्षी पंधरा वर्षांतले सर्वोच्च होते, त्या वर्षी. नफा शिखरावर असताना करातला वाटा पूर्वीपेक्षा कमी, याचा अर्थ गमावलेला महसूल वाढीतून भरून आला नाही. त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. २०२३-२४ मध्ये या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, नोकऱ्या १.५ टक्क्यांनी. करकपातीच्या समर्थनाचा सगळा डोलारा ज्या रोजगारावर उभा आहे, तो रोजगार त्या प्रमाणात आलेला दिसत नाही.

याचे कारण समजायला अवघड नाही. कारखाना कुठे काढायचा हे ठरवताना कराचा दर ही एक बाब. तिच्याआधी गिऱ्हाईक आहे का, पाणी आहे का, वीज अखंड आहे का, माल न्यायला रेल्वे आहे का, शिकलेली माणसे मिळतात का, हे पाहिले जाते. धाराशिवजवळ कौडगावला औद्योगिक वसाहत आखली, नव्या कारखान्याला १५ टक्क्यांचा दर दिला (ती सवलत मार्च २०२४ मध्ये संपली), तरी तोच दर पुण्याजवळ चाकणलाही मिळत होता. सवलत सगळीकडे सारखी असेल तर उद्योजक जिथे सोयी आहेत तिथेच जाणार. धाराशिवला हव्या आहेत त्या सोयी, आणि त्या कराच्या पैशातून उभ्या राहतात.

कर्ज काढून श्रीमंतांना सवलत देण्याला बाजारही नेहमी टाळ्या वाजवत नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, त्यात सर्वोच्च ४५ टक्क्यांचा दर रद्द करणेही होते. भरपाई कशी करणार हे सांगितले नव्हते. पौंड कोसळला, सरकारी कर्जावरचे व्याज भडकले, अर्थमंत्र्यांना जावे लागले आणि महिनाभरात स्वतः ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला.

५. दिल्लीत सोडलेला कर महाराष्ट्रात कसा कमी पडतो

ही बाब वर्तमानपत्रांत फारशी येत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. केंद्र जो आयकर आणि कंपनी कर गोळा करते, तो सगळा केंद्राचा नसतो. वित्त आयोगाने ठरवलेला हिस्सा राज्यांना द्यावा लागतो. २०१९ मध्ये तो ४२ टक्के होता, नंतर ४१ टक्के झाला. म्हणजे केंद्राने शंभर रुपयांचा मूळ कर सोडला, तर त्यातले ४२ रुपये राज्यांचे सोडलेले असतात. पणजीतल्या घोषणेतले १.४५ लाख कोटी ढोबळमानाने सगळे मूळ दरातले धरले, तर राज्यांचा वाटा सुमारे ६० हजार कोटी. त्या वाट्यात महाराष्ट्राचा हिस्सा तेव्हा साडेपाच टक्के, म्हणजे वर्षाला सुमारे ३,३०० कोटी रुपये. हा ढोबळ हिशेब आहे, पण निर्णय एकाने घेतला आणि किंमत दोघांनी मोजली, एवढे त्यातून स्पष्ट दिसते.

दुसरी अडचण याहून खोल आहे. अधिभार आणि उपकर या नावांनी जमवलेला पैसा केंद्राला राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागत नाही. घटनेतच तशी तरतूद आहे. संपत्तीकराच्या जागी २०१५ मध्ये अतिश्रीमंतांवर दोन टक्के जादा अधिभार आला, त्यातून केंद्राला जास्त पैसा मिळणार होता आणि कर गोळा करण्याचा खटाटोपही वाचणार होता. हे तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांचे म्हणणे बरोबरच होते. संपत्तीकरातून २०१३-१४ मध्ये जेमतेम १,००८ कोटी आले होते. पण नव्या अधिभारातला एक पैसाही मुंबईच्या मंत्रालयात आला नाही. तूट भरून काढायला केंद्र मूळ कराऐवजी उपकराकडे वळते, तेव्हा राज्य मागे पडते. आणि जिल्ह्यातली आरोग्यकेंद्रे, शाळा, पाटबंधारे, पीकनुकसानीची भरपाई ही सगळी राज्याची कामे.

सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिवच्या भूम आणि परंडा तालुक्यांत अतिवृष्टीने आणि पुराने जमिनी खरवडून गेल्या, जनावरे वाहून गेली. राज्याने ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचे मदतीचे पॅकेज जाहीर केले. ४५ हजार कोटींची महसुली तूट आधीच पदरात असलेल्या राज्याला अशी मदत द्यायची, तर ती कर्ज काढून किंवा दुसरी कामे मागे ढकलून. त्याच वर्षी खरिपापासून एक रुपयातली पीकविमा योजना बंद करून शेतकऱ्याकडून विम्याचा हप्ता घेणे पुन्हा सुरू झाले. त्या योजनेत बोगस अर्ज निघाले होते, ती सुधारण्याची गरज होती. पण मेटाकुटीला आलेल्या तिजोरीत सुधारणेपेक्षा बंद करणे सोपे वाटते.

६. भरपाई डिझेलमधून

तुटीचे पैसे कुठून तरी यावेच लागतात. मे २०२० मध्ये जगात कच्च्या तेलाचे भाव कोसळले होते, तेव्हा केंद्राने एका दिवसात पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये कर वाढवला. कोविडच्या खर्चासाठी पैसा लागत होता हे खरे. पण सात-आठ महिन्यांपूर्वी कंपन्यांचा कर सोडलेला नसता, तर एवढा भार डिझेलवर टाकावा लागला असता का, हा प्रश्न विचारायलाच हवा. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर एक लिटर डिझेलवर केंद्राचे ३१ रुपये ८० पैसे होते. त्यातला राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागणारा मूळ उत्पादन शुल्काचा भाग फक्त १ रुपया ८० पैसे. उरलेले ३० रुपये उपकर आणि विशेष शुल्क.

समजा धाराशिवच्याच लोहारा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला एक एकर नांगरटीला आठ लिटर डिझेल लागले. त्या वर्षी एका एकरामागे त्याने केंद्राला सुमारे २५४ रुपये कर दिला, तेही पेरणीआधी, पीक येणार की नाही हे ठाऊक नसताना. आयकर नफा झाला तरच द्यावा लागतो. डिझेलवरचा कर नुकसान झाले तरी द्यावा लागतो. थेट करातला भार अप्रत्यक्ष करावर सरकवला की भार कमावणाऱ्याकडून खर्च करणाऱ्याकडे जातो, आणि कमाईचा जवळजवळ सगळा भाग खर्चातच जाणारी माणसे गरीब असतात. पुढे नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये डिझेलवरचा हा कर मिळून १६ रुपयांनी उतरवला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्के झाला. या कपातींनीही महसूल कमी होतो. तरी मी त्यांच्या बाजूने आहे, कारण त्यांचा फायदा खाली पोचतो आणि वाचलेला पैसा गावच्या बाजारातच खर्च होतो. करसवलत नको, असा माझा युक्तिवाद नाही. कोणाला आणि कशाच्या बदल्यात, एवढेच पाहायचे आहे.

७. महाराष्ट्राने एकदा उलट वाट धरली होती

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्यात अजून ‘बाहत्तरचा’ एवढ्याच नावाने ओळखला जातो. उस्मानाबाद जिल्ह्यात तेव्हा लातूरही होते. ते १९८२ मध्ये वेगळे झाले. खडी फोडण्याची, पाझर तलावांची, रस्त्यांची दुष्काळी कामे निघाली, कामावर सुकडी वाटली गेली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूरला लहान प्रमाणावर तपासून पाहिलेली कल्पना या दुष्काळाने राज्यभर नेली: मागेल त्याला काम. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. देशाचा रोजगार हमी कायदा त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने, २००५ मध्ये आला.

या योजनेची जितकी वाहवा होते तितके तिच्या पैशाबद्दल बोलले जात नाही. कर्जावर न टेकता तिच्यासाठी वेगळे कर बसवले गेले. १९७५ मध्ये व्यवसायकराचा कायदा झाला. मुंबई-पुण्यातला नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्याकडून थोडा थोडा कर घ्यायचा आणि तो कोरडवाहू भागातल्या मजुराच्या मजुरीसाठी वापरायचा. ओलिताखालच्या जमिनीवरही विशेष आकारणी होती. या करांतून जेवढे जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. खर्चाची जबाबदारी घेताना पैशाची सोयही त्याच वेळी करण्याचे इतके चांगले उदाहरण राज्याच्या इतिहासात दुसरे नाही.

पुढे काय झाले? घटनेच्या २७६ व्या कलमात व्यवसायकराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. तिथेच ती आजही आहे. महिन्याला ३० हजार मिळवणारा वर्षाला २,५०० रुपये देतो, म्हणजे उत्पन्नाच्या सुमारे ०.७ टक्के. महिन्याला दहा लाख मिळवणाराही २,५०० रुपयेच देतो, म्हणजे ०.०२ टक्के. कोणी घोषणा केली नाही, अर्थसंकल्पात ओळ आली नाही, पण पगार आणि भाव वाढत गेले तशी वरच्या उत्पन्नाला दर वर्षी थोडी जास्त सूट मिळत गेली. मर्यादा गोठवणे हीसुद्धा करकपातच असते.

८. उरलेले दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की तूट फुकटच्या योजनांमुळे आहे, करसवलतींमुळे नाही. महाराष्ट्रापुरते यात तथ्य आहे. लाडकी बहीण योजनेसाठी २०२५-२६ मध्ये ३६,००० कोटी रुपये ठेवले गेले आणि त्या वर्षाच्या महसुली तुटीशेजारी हा आकडा ठेवला की त्याचे वजन कळते. निवडणुकीच्या तोंडावर, पैशाची सोय न करता सुरू केलेल्या योजनेवर टीका व्हायलाच हवी. रोजगार हमीने घालून दिलेला धडा तिथे विसरला गेला. पण मग तोच नियम दोन्हीकडे लावा. महिना १,५०० रुपये घेणारी वाशी तालुक्यातली शेतमजूर बाई तिजोरीवर भार, आणि ३७ लाख वाचवणारा गुंतवणुकीला प्रोत्साहन, हे एकाच मापाने मोजणे नव्हे. दिलेले अनुदान आणि सोडलेला कर यांचा तुटीवरचा परिणाम रुपयाला रुपया सारखाच असतो. अनुदानाचा आकडा भाषणात येतो. सोडलेल्या कराचे विवरण केंद्र २००६ पासून अर्थसंकल्पाच्या जोडपत्रात देते, ते फार थोडे लोक उघडतात.

दुसरा आक्षेप असा की कर वाढवला तर श्रीमंत देश सोडून जातील. काही जातील. मात्र ज्याची बाजारपेठ, जमीन, कारखाने आणि गिऱ्हाईक इथेच आहे तो तीन-चार टक्क्यांसाठी सहसा उठत नाही, आणि इथे मांडलेली मागणी ९७ टक्क्यांकडे परत जाण्याची नाहीच. कर्ज काढून सवलत देऊ नये, दिलीच तर भरपाई कोण करणार हे त्याच दिवशी सांगावे, आणि राज्यांचा वाटा कमी होत असेल तर तो भरून द्यावा, एवढीच ती आहे.

व्यवसायकराची मर्यादा चौदाव्या वित्त आयोगाने १२,००० रुपये आणि पंधराव्याने १८,००० रुपये करण्याची शिफारस केली आहे. त्यासाठी घटनादुरुस्ती लागते आणि ती संसदच करू शकते. लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार आहेत, त्यांतला एक धाराशिवचा. मते मागायला येतील तेव्हा रेल्वे आणि पाण्याबरोबर या शिफारशीचे काय केले, हेही वाचकांनी त्यांना विचारावे.